तगरच्या वाटेने चार दिवस

सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतील नामांकित गडांवर जी गर्दी लोटते ती पाहिली, म्हणजे पंढरीच्या वाटेची आठवण होते. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या शिखराखाली लोखंडी शिडीपाशी रांग लागते आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तंबूंची वसाहत वसते. या मंडळींना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. माणसाला माणसाची ओढ असायचीच. पण ज्याला चार दिवस पायी हिंडून प्राचीन अवशेषांपाशी पोचायचे आहे, आणि पोचल्यावर घटकाभर शांतपणे बसायचेही आहे, त्याने जावे कुठे?

हा प्रश्न आमच्या घरात २०२४ च्या डिसेंबरात उभा राहिला. चिरंजीव कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आहेत. त्यांचे मत अर्थातच हरिश्चंद्रगडाला होते. मी तडजोड म्हणून जुन्नरची लेणी सुचवली. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "धाराशिवची लेणी बघू, तिथून पायी तेरला जाऊ, आणि वेळ अमावस्या तिकडंच करू."

"तिकडं काय आहे बघायला?" चिरंजीवांनी विचारले.

पुण्यातल्या घरात अगदी सहज विचारला जाणारा हा प्रश्न आहे. पण सौ.चे माहेर कळंबचे. हातातली परडी खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "हे वाक्य मी या घरात वीस वर्षं ऐकतेय. एकदा चालून बघा, मग बोला." यावर पुढे चर्चा होण्यासारखे काही उरले नाही.

तिचे म्हणणे खरेच होते. या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत येते ते दुष्काळाच्या वर्षी; नाहीतर १९९३ च्या सप्टेंबरातील भूकंपासारखे एखादे महासंकट कोसळते तेव्हा. शेवटच्या निजामाच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव २०२३ साली जाऊन धाराशिव हे जुने नाव पुन्हा अधिकृत झाले, तेव्हाही चर्चा झाली ती नावाचीच. या भूमीवरून बालाघाटचे डोंगर गेले आहेत, त्यांत लेणी आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वी इथले कापड समुद्रापलीकडे जात होते, हे सांगणारा क्वचित भेटतो.

बालाघाट म्हणजे सह्याद्री नव्हे, हे मात्र आधीच सांगितले पाहिजे. इथे छाती दडपून टाकणारे कडे नाहीत. समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंचीचे सपाट माथ्याचे पठार, त्याच्या कडांना पडलेल्या घळी आणि खाली काळी रानं. चढ थोडा, चाल फार. ज्याला शिखरावर उभे राहून छायाचित्र काढून घ्यायचे आहे, त्याची इथे निराशाच होईल.

आमचा बेत असा होता: बार्शीवरून येडशीला उतरायचे, रामलिंगाच्या जंगलातून पठारावर चढून दोन दिवसांत धाराशिवची लेणी गाठायची, आणि मग पूर्वेकडे तेर. पण निघायच्या आठवड्यातच बातमी आली, की येडशी-रामलिंगघाट अभयारण्यातील कॅमेऱ्यात चक्क पट्टेरी वाघ दिसला आहे! यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला हा तरुण नर शेकडो किलोमीटर चालत, शेतेशिवारे आणि हमरस्ते ओलांडत इथवर आला होता. आडवाटेचा प्रवास निवडणारे आम्हीच एकटे नव्हतो, म्हणायचे.

घरात पुन्हा सभा भरली. आता चिरंजीवांचा उत्साह एकदम वाढला आणि माझा तितकाच ओसरला. निकाल सौ.ने दिला: जंगलातून पायी जायचे नाही, पण बेतही मोडायचा नाही. त्याप्रमाणे रामलिंगाचे दर्शन आम्ही दिवसाउजेडी, गाडीने जाऊन घेतले. सीतेसाठी लढणारा जटायू इथे पडला अशी कथा सांगतात. देवळाभोवती वानरांचे राज्य. त्या दिवशी दर्शनाला आलेल्या माणसांची नजर मात्र पिंडीकडे कमी आणि भोवतालच्या झाडीकडे जास्त होती. तिथून एस.टी.ने धाराशिव.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून आम्ही लेण्यांकडे चालू लागलो. गावापासून अंतर आठेक किलोमीटर. बोचरी थंडी, दोन्ही बाजूंना तुरी वाळत आलेल्या, मधूनच करडईचे काटेरी पट्टे. पठार सरळ चालत जाते आणि अचानक संपते. पायाखाली घळ उघडते, आणि त्या घळीच्या कुशीत लेणी दिसतात. वरून कसलाच सुगावा लागत नाही.

वेरूळ पाहिलेल्या माणसाला इथला दगड प्रथम खटकतो. तो ठिसूळ आहे. लेण्यांची दर्शनी बाजू बरीच ढासळली आहे. पण मुख्य लेण्यात पाऊल टाकले, की ऐंशी-ऐंशी फुटांचा तो प्रचंड मंडप, खांबांच्या ओळी, कडेच्या खोल्या आणि गाभाऱ्यातील पार्श्वनाथ यांनी माणूस गप्प होतो. ही लेणी मुळात बौद्धांची की जैनांची, यावर विद्वानांत वाद आहे. जेम्स बर्जेस याने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्यांचे वर्णन केले आहे. मला मात्र इथे आठवला तो कनकामर मुनी. साधारण अकराव्या शतकातील या कवीने अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे काव्य रचले, डॉ. हिरालाल जैन यांनी ते १९३४ साली कारंज्याहून संपादून प्रसिद्ध केले. त्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्याला येतो. मूर्तीच्या सिंहासनावर एक गाठ दिसते, ती फोडायला तो सांगतो. म्हातारा कारागीर बजावतो, की आत पाण्याची शीर आहे. राजा ऐकत नाही. गाठ फुटते, पाण्याचा लोट उसळतो आणि लेणे बुडून जाते.

ही गोष्ट मी मंडपात बसून सांगितली. चिरंजीवांनी भ्रमणध्वनी खिशात ठेवला आणि ते गाभाऱ्यात विजेरी घेऊन ती गाठ शोधू लागले! तासाभरात आमच्याखेरीज तिथे आले ते दोन गुराखी आणि त्यांच्या शेळ्या. वटवाघळांचा वास आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पाणी आणि भाकरी बरोबरच न्यावी.

तिसरा दिवस, ३० डिसेंबर, मार्गशीर्षातली अमावस्या. धाराशिव ते तेर हे अंतर वीस किलोमीटरांच्या आसपास. सकाळी सातला निघालो तर दुपारी तीनला पोचू असा माझा हिशेब होता. तो हिशेब वेळ अमावस्येला चालत नाही. लातूर-धाराशिवकडे या सणाला 'येळवस' म्हणतात, आणि त्या दिवशी गावे ओस पडून माणसे शिवारात जातात. कमरेइतक्या वाढलेल्या शाळूत कडब्याची खोप उभारायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची, मडक्यातले आंबील शेतात शिंपडायचे, आणि मग रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही जेवल्यावाचून सोडायचे नाही.

पहिल्या खोपीपाशी आम्हाला हाक आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. "आवं पाव्हणं, असं कसं जाताव? या की!" मी घड्याळाकडे पाहिले, सौ.ने पायातल्या चपला काढल्या. पुढे पळसाच्या पानावर आले ते भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि तांब्याभर आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हे. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे आणि असतील त्या पालेभाज्या डाळीच्या पिठात एकत्र शिजवून केलेला तो एक भरघोस प्रकार आहे. घरच्या वृद्ध आजींनी सौ.ला विचारले, "माहेर कुठलं गं बाई तुजं?"

"कळंबचं."

"मग माहेराला आलीस म्हण की!" म्हणून आजींनी तिच्या पानावर आणखी एक उंडा ठेवला. सौ. काही बोलली नाही. पदर सावरून ती चुलीकडे वळली आणि आजींच्या सुनेला वाढायला मदत करू लागली.

अशा चार खोपी झाल्या. तिसरीत मी हात जोडले, चौथीत चिरंजीवांनी. तेरच्या शिवारात पोचेतो दिवस मावळला होता, आणि अंधारात जागोजागी पेटते हेंडगे फिरताना दिसत होते; कडब्याच्या पेंढीचा हा पलिता घेऊन पोरे शेताभोवती धावतात. दिवाळीच्या फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेले तेरखेडा याच जिल्ह्यातले, पण त्या रात्रीची रोषणाई विकत मिळणारी नव्हती. मुक्काम सौ.च्या मावसबहिणीकडे होता. तिने समोर आंबीलच ठेवले.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर येते, आणि तिथले जाडेभरडे व तलम कापड बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचला जाते, असा उल्लेख आहे. शिलाहार राजे पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करू लागले, तरी स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवीत राहिले. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट याने १९०१ साली दाखवून दिले. १९५८ साली चापेकरांनी इथे उत्खनन केले. मिरवण्यासारखे एवढे असूनही गाव तेरणेच्या काठी आपल्या कामात असते.

गल्लीतून वळलो आणि त्रिविक्रमाचे देऊळ समोर आले. मागून गजपृष्ठाकार, वर विटांचे कमानदार छप्पर. मूळचे हे बौद्ध चैत्यगृह. पुढे त्यात विष्णूचा त्रिविक्रम आला आणि समोर मंडप जोडला गेला. भारतात विटांची अशी उभी चैत्यगृहे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आंध्रातील चेझर्ल्याचे एक लगेच आठवते. डोंगरात कोरलेले चैत्य आपण पुष्कळ पाहतो, परंतु उघड्यावर विटांनी रचलेला चैत्य कसा दिसे, ते पाहायचे असेल तर इथे यावे लागते.

रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय गावात आहे. मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट. तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली जी भारतीय मूर्ती मिळाली, तिची ही बहीणच शोभेल. आणि तेरच्या त्या प्रसिद्ध विटा, इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात.

"माती कालवताना त्यांनी काय घातलं असेल?" चिरंजीवांनी विचारले. मावशींनी त्यांना सरळ गोरोबाकाकांच्या समाधीकडे नेले. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके ओळखले आणि ते नामदेवांचे निघाले, ही कथा त्यांनी अशी काही सांगितली, की जणू ती शेजारच्या आळीतच परवा घडली.

गाडीला अजून तास होता. चिरंजीव पुन्हा त्रिविक्रमाकडे गेले होते, विटांचे थर मोजायला. "ये आता!" म्हणून सौ.ने हाक मारली, तेव्हा ते ओरडून म्हणाले, "थांब गं, मोज चुकेल!"