टॅग करा, फॉलो करा… आणि निकाल?

मे संपत आला की मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात. तारकर्ली-देवबागचे स्कूबा डायव्हिंग बंद होते. १ जूनपासून मासेमारीलाही दोन महिन्यांची बंदी लागते आणि किनारा पावसाच्या ताब्यात जातो. मोबाइलवर मात्र याच दिवसांत वेगळी गडबड दिसते. ‘तारकर्लीत दोन रात्री, दोघांसाठी, अगदी मोफत! पेज फॉलो करा, पोस्ट लाइक करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरीला लावा. विजेत्याचे नाव रविवारी.’ कधी बक्षीस मुक्कामाचे असते, कधी स्कूबाचे; आंब्याच्या दिवसांत हापूसची पेटी, गणपतीच्या तोंडावर मालवणी मसाला, कोकम आणि काजूगर. या प्रकाराला आता सगळेच ‘गिव्हअवे’ म्हणतात.

यात फुकट काहीच नसते. मालक बक्षीस देतो आणि बदल्यात लोकांच्या ओळखीपाळखी घेतो. एका माणसाने तीन मित्रांना टॅग केले की जाहिरात तीन नव्या घरांत पोहोचते, तीही ओळखीच्या माणसाच्या हातून.

सिंधुदुर्गात ही पद्धत इतकी रुजली त्यामागे साधे अर्थकारण आहे. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला; ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. पण इथला पर्यटन व्यवसाय मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती निवासांवर उभा आहे. माडाच्या बागेत चार खोल्या, स्वयंपाकघर घरच्याच बायकांच्या हातात आणि फोन मुलाकडे. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत जाहिरात देण्याइतके पैसे अशा घराकडे नसतात. जुलैतल्या मंगळवारी मात्र त्याच्याकडे रिकामी खोली असते. हंगामात तीन हजारांना जाणारी ती खोली त्या दिवशी कोणाला दिली, तर मालकाला खर्च येतो तो चादरी धुण्याचा आणि दोन ताटांचा. घेणाऱ्याच्या लेखी मात्र ती पूर्ण तीन हजारांची असते. देणाऱ्याला स्वस्त आणि घेणाऱ्याला मोलाचे असे बक्षीस शोधूनही सापडत नाही. किनाऱ्यावरच्या घरांकडे ते आयते आहे.

म्हणूनच एखाद्या निवासाने गिव्हअवेत मोबाइल फोन ठेवला की वाईट वाटते. वीस हजारांचा फोन मालकाला वीस हजारांनाच पडतो. शिवाय फोन कोणालाही हवा असतो. ज्यांना मालवण कुठे आहे हे ठाऊक नाही अशी, निव्वळ बक्षिसांसाठी चालवलेली खाती तुटून पडतात, फॉलोअर्सचा आकडा फुगतो आणि सोडतीनंतर ओसरतो. हापूसच्या पेटीसाठी नाव देणारा निदान आंबा खाणारा असतो. तो हरला तरी पुढच्या एप्रिलमध्ये पेटी मागवू शकतो.

बक्षिसाच्या आमिषाने गिऱ्हाईक जोडण्याची रीत मोबाइलच्या आधीची आहे. १९९९ च्या विश्वचषकाआधी ब्रिटानियाने बिस्किटांच्या पुड्यांवर धावा छापल्या. त्या जमवून इंग्लंडला जायची संधी होती आणि घराघरांत रिकाम्या पुड्यांचे ढीग साठले. २००४ पासून टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ने पैठणी मराठी दिवाणखान्यांत नेली आणि २०२२ मध्ये तिची किंमत ११ लाखांवर पोहोचली. ‘खेळ पैठणीचा’ गावोगावच्या मंडपांत आला तो याच वाटेने. मालवणच्या नारळी पौर्णिमेला बायकांची नारळ लढवण्याची स्पर्धा होते, तिथेही बक्षिसे असतातच. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. जिंकणारा सगळ्यांना दिसायचा.

निकाल चुकला तर काय होते, हे फिलिपिन्सने पाहिले आहे. १९९२ मध्ये पेप्सीने तिथे बाटल्यांच्या झाकणांत क्रमांक छापून दहा लाख पेसोंपर्यंतची बक्षिसे लावली. २५ मे रोजी ३४९ हा विजयी क्रमांक जाहीर झाला आणि हा क्रमांक लाखो झाकणांवर असल्याचे उघड झाले. कंपनीने चूक म्हणून हात वर केले. लोक रस्त्यावर उतरले, गाड्या जाळल्या गेल्या, माणसे दगावली.

याउलट २०१६-१७ च्या ‘लकी ग्राहक योजने’कडे पाहावे. नोटाबंदीनंतर डिजिटल व्यवहार वाढावेत म्हणून नीती आयोगाने ही योजना आणली होती. शेवटची मोठी सोडत एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते निघाली आणि एक कोटीचे बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला लागले. तिने रुपे कार्डाने १,५९० रुपयांचा हप्ता भरला होता. पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात बक्षीस दिले गेले, ते साऱ्या देशाने पाहिले. अलीकडे महावितरणनेही वीजबिल ऑनलाइन भरणाऱ्यांसाठी स्मार्टफोन आणि स्मार्टवॉचची सोडत काढली. हेतू कंपनीच्या फायद्याचाच होता, पण सोडत उघड होती.

इन्स्टाग्रामवरच्या गिव्हअवेचे दुखणे नेमके इथे आहे. आमंत्रण ठळक असते, पोस्ट आठवडाभर फिरते. निकाल मात्र पुष्कळदा स्टोरीत टाकला जातो आणि स्टोरी २४ तासांत पुसली जाते. ज्या शेकडो लोकांनी आपले मित्र टॅग केले, त्यांना कोण जिंकले हे कळत नाही. खरेच कोणी जिंकले का, हेही कळत नाही.

कायदा याबाबत गप्प नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. द्यायचेच नाही अशा इराद्याने बक्षीस जाहीर करणे त्यात येते, आणि योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागी लोकांपासून लपवणेही येते. निकाल कळवणे म्हणजे काय, हेही कायदा सांगतो: ज्या वर्तमानपत्रात योजना जाहीर झाली, त्यातच वाजवी वेळेत ठळकपणे निकाल छापणे. हे शब्द छापील जाहिरातींच्या काळातले आहेत, पण त्यांचा अर्थ आजही स्पष्ट आहे. जिथे आणि जितक्या ठळकपणे बोलावले, तिथेच तितक्याच ठळकपणे निकाल सांगा. विक्री वाढवण्यासाठी काढलेल्या सोडतींकडेच हा कायदा संशयाने पाहतो, हेही व्यावसायिकांनी ध्यानात ठेवावे. आणि सहभागासाठी शंभर रुपयांचे कूपन विकले, तर प्रकरण सरळ लॉटरीच्या कायद्यात शिरते.

खुद्द समाजमाध्यमांचेही नियम आहेत आणि ते फार थोडे जण वाचतात. ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा’ किंवा ‘मित्रांना टॅग करा’ ही सहभागाची अट घालायला फेसबुकची मनाई आहे. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने आणखी एक पाऊल टाकले: लाइक, टॅग, शेअर यांची भीक मागणाऱ्या पोस्ट कमी लोकांना दाखवायच्या, असे जाहीर केले. म्हणजे ज्या अटीवर गिव्हअवेचा डोलारा उभा, तीच पोस्टच्या मुळावर येऊ शकते.

जाहीर न झालेल्या निकालाच्या धुक्यात लुबाडणारे शिरतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे. खऱ्या पेजचे नाव आणि फोटो उचलायचे, नावात एक टिंब किंवा अधोरेषा वाढवायची आणि ज्यांनी खाली कमेंट केली त्यांना निरोप धाडायचा: ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात, कुरिअरचे ९९ रुपये भरा.’ खरा विजेता कोण हे जाहीर नसल्यामुळे प्रत्येकाला तो निरोप खरा वाटू शकतो. मोठ्या नावांचीही यातून सुटका नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाच्या १५० व्या वर्धापनदिनानिमित्त गाडी जिंकण्याचा संदेश व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरला. समूहाला तो आपला नसल्याचे जाहीर करावे लागले. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने २५ लाखांच्या लॉटरीचे निरोप तर वर्षानुवर्षे येतात. सिंधुदुर्गातल्या घरांत ही फसवणूक जास्त बोचते, कारण निरोप बहुतेकदा गाववाल्यांच्या किंवा चाकरमान्यांच्या ग्रुपवरून, म्हणजे विश्वासाच्या हातून येतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी ते गोठवले जाण्याची शक्यता अधिक. बक्षीस जाहीर करून हात वर करणाऱ्या व्यावसायिकाविरुद्ध १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

गिव्हअवेचा एक जोडधंदा म्हणजे रील करणाऱ्यांना दिलेला फुकट मुक्काम. दोन दिवस राहायचे, सुरमईचे ताट आणि देवबागचा संगम दाखवायचा आणि ‘स्वर्ग सापडला’ म्हणायचे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा मोबदला, मग तो रोख नसून मुक्काम किंवा भेटवस्तूच्या रूपात असला तरी, प्रेक्षकाला स्पष्ट सांगावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. ‘आम्ही इथे पाहुणे म्हणून आलो होतो’ एवढे वाक्य रीलमध्ये घातल्याने ताटातली सुरमई बेचव होत नाही.

उघडपणाची साधने किनाऱ्यावर आहेतच. देवगड तालुका आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले. पेटी बक्षीस देणारा बागायतदार ते दाखवून आंबा देवगडचाच असल्याचे पटवू शकतो. निवासाचा मालक नावांच्या चिठ्ठ्या कॅमेऱ्यासमोर लहान मुलाच्या हातून उचलवू शकतो, निकालाची पोस्ट पेजवर सगळ्यात वर खिळवून ठेवू शकतो. अटींत मुक्कामाच्या तारखा हव्यात, जेवण धरले आहे का ते हवे आणि कराची ओळही हवी. सोडतीत मिळालेले बक्षीस १० हजार रुपयांच्या वर गेले की ३० टक्के कर आधी भरला जाणे बंधनकारक आहे, बक्षीस वस्तूरूपात असले तरी. १२ हजारांच्या मुक्कामावर तो ३,६०० रुपये होतो. तो मालक सोसणार की विजेता, हे बोलावतानाच लिहावे. नाहीतरी कुडाळपर्यंतची रेल्वे आणि तिथून मालवणपर्यंतचा प्रवास विजेत्याच्याच खिशातून होणार असतो.