फॉस्फरस पेंटासल्फाइड : फवारणीच्या औषधाच्या दर्पाचें मूळ

मॅलॅथिऑन किंवा डायमेथोएट यांचा डबा उघडतांच जो उग्र, कुजकट दर्प येतो तो शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. हीं दोन्ही औषधें ज्या द्रव्यापासून बनतात, तें फॉस्फरस पेंटासल्फाइड होय. स्फुरद व गंधक एकत्र तापवून ही हिरवट पिंवळी भुकटी कारखान्यांत तयार करतात. यंत्रांच्या वंगणांत मिसळावयाचीं द्रव्येंहि हिच्यापासूनच होतात.

ही भुकटी शेतावर येत नाहीं. परंतु पिंपांतून रस्त्यानें जाते, म्हणून तिचा स्वभाव जाणून असावें. पाणी लागतांच, किंबहुना दमट हवेनेंहि, तींतून हायड्रोजन सल्फाइड वायु सुटतो. सडक्या अंड्याची घाण येते ती याचीच. घाण येईनाशी झाली म्हणजे धोका टळला असें मात्र समजूं नये. दहा लाख भाग हवेंत हा वायु सुमारें 100 भाग झाला कीं थोड्याच वेळांत नाक बधिर होतें. वायु हवेहून जड असल्यामुळें सखल जागीं साचतो. भुकटी घर्षणानेंहि पेटते. सबब असें पिंप पेटलेलें दिसल्यास पाणी ओतूं नये. वारा येतो त्या दिशेस, उंचावर निघून जावें व अग्निशामक दलास कळवावें.

आतां घरांतील डब्याविषयीं. मॅलॅथिऑन मनुष्यास तुलनेनें सौम्य खरें, कारण आपलें शरीर त्याचें विघटन त्वरित करतें. परंतु 1976 सालीं पाकिस्तानांत हिंवतापाच्या डांसांसाठीं तें फवारणाऱ्या सुमारें 7,500 कामगारांपैकीं 2,800 जणांस विषबाधा झाली व पांच दगावले. साठवणुकींत त्या भुकटींत आयसोमॅलॅथिऑन नांवाचें द्रव्य उत्पन्न झालें होतें, आणि तें शरीराची ही विघटनशक्तीच बंद पाडतें. उष्णतेनें हा पालट वाढतो. पत्र्याच्या तापणाऱ्या छपराखालीं औषध ठेवण्याची आपल्याकडील रीत आम्हांस म्हणूनच घातक वाटते. औषध हंगामापुरतेंच घ्यावें, सावलींत कुलुपांत ठेवावें, व मुदत उलटलेलें वापरूं नये.

फवारतांना घाम व लाळ सुटणें, बुबुळें बारीक होणें, दम लागणें हीं विषबाधेचीं लक्षणें होत. कपडे तत्काळ उतरवून अंग साबणानें धुवावें व रोग्यास इस्पितळांत न्यावें. तेथें ॲट्रोपिन टोचतात. औषधाचा डबा लेबलासह बरोबर न्यावा. डॉक्टर प्रथम तोच विचारतात.