चोरी केव्हा घडते?

दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून लबाडीने घेण्यासाठी हलविणे म्हणजे चोरी. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये कायम आहे. वस्तू दूर नेलीच पाहिजे असे नाही. लबाडीने तोडलेले झाड जमिनीपासून सुटताच गुन्हा पुरा होतो. कायदा येथे रक्षण करतो ते ताब्याचे. म्हणूनच दुरुस्तीच्या पैशांपोटी घड्याळजीने कायदेशीरपणे अडकवून ठेवलेले घड्याळ खुद्द मालकाने लबाडीने उचलले, तरी ती चोरीच ठरते. उलट, विश्वासाने सोपविलेली ठेव गिळंकृत करणाऱ्याचा गुन्हा निराळा, तो विश्वासघाताचा. कारण ताबा त्याला राजीखुशीने मिळालेला असतो.