गणेशपुरीतला मराठी ‘श’

भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीला लोक नित्यानंदांच्या समाधीसाठी आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी जातात. गावाचं नाव मोबाइलवर उमटवायला मात्र बरीच यंत्रणा राबते. या नावात ‘श’ आहे, आणि मराठी ‘श’ आणि ‘ल’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. राज्य शासनाने २००९च्या निर्णयाने मराठी अक्षरांची प्रमाण वळणं ठरवून दिली. पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ‘श’ला संकेतांक एकच. मजकूर मराठी आहे अशी खूण असेल आणि फाँटमध्ये दोन्ही आकार असतील, तरच योग्य ‘श’ निवडला जातो.

ही निवड आणि जोडाक्षरांची जुळणी अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स व लिब्रऑफिसमध्ये ‘हार्फबझ’ हे सॉफ्टवेअर करतं. ते मुक्तस्रोत आहे. आतला कोड कुणीही वाचावा, बदलावा.

इथेच वाद पेटतो. एक गट म्हणतो, बड्या कंपन्या फुकटच्या कोडवर गब्बर होतात. दुसरा म्हणतो, त्यांच्याच पगारावर तो लिहिला जातो. दोघंही अर्धे खरे! हार्फबझवर रेड हॅट आणि गूगलच्या नोकरीतल्या अभियंत्यांनी काम केलं आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फाँट गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, तोही मुक्त परवान्याखाली. हा परवाना फाँट वापरू, बदलू, वाटू देतो. नुसता फाँट विकू मात्र देत नाही.

म्हणजे उद्या गूगलने हात आखडता घेतला, तरी ‘मुक्ता’ची आजची प्रत कुणालाही पुढे नेता येईल. बंदिस्त फाँटमध्ये ‘श’ चुकला, तर फक्त तक्रार करता येते.