फायरवॉल बंद करू नका, विचारा!

गेल्या दिवाळीत आमच्या आदिलाबादच्या घरी सगळे जमले होते. आजोबांच्या शेताचे निजामाच्या काळातले उर्दू कागद, त्यांचा मराठी तर्जुमा, जुन्या लग्नांचे फोटो, असे सगळे मी दोन वर्षे खपून स्कॅन केले आहे. ते एका जुन्या संगणकात ठेवले, फोल्डर शेअर केले; झाला घरचा फाइल सर्व्हर. पण नांदेडहून आलेल्या भाच्याच्या लॅपटॉपवर ते फोल्डर काही उघडेना.

"आत्या, फायरवॉल बंद कर ना! एका मिनिटात होईल."

हा उपाय मी पूर्वी एकदा केला होता. फायरवॉल परत चालू करायची राहिली आणि कित्येक महिने संगणक तसाच उघडा होता. नशीब, काही झाले नाही. म्हणून या वेळी त्याला थांबवले आणि २०१७ची गोष्ट सांगितली.

विंडोजमध्ये फोल्डर शेअर होते ते ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून. पोर्ट म्हणजे संगणकाचे दार, आणि फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदार. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' याच दारातून शिरला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला आणि दीडशे देशांत पसरला. आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही संगणक त्यात सापडले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेले संगणक अडकले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'मुळे न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. पसरायला त्यानेही इतर वाटांबरोबर हीच फट वापरली होती.

मग आम्ही दोघे क्रमाने तपासायला बसलो.

आधी दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर आहेत ना, ते पाहिले. राउटरच्या 'गेस्ट' वाय-फायवर असलेल्या लॅपटॉपला घरातले बाकीचे संगणक बहुधा दिसतच नाहीत. आमचे तिथे ठीक होते.

मग सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर पिंग केले. उत्तर नाही. पण यावरून सर्व्हर बंद आहे असे समजू नये. फायरवॉल पिंगलाही अडवू शकते.

म्हणून थेट दारच ठोठावले. लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेला तो पत्ता आणि पोर्ट ४४५ दिले. उत्तर आले 'फॉल्स'.

आता सर्व्हरवर 'नेटस्टॅट' चालवले. तिथे ४४५ समोर 'लिसनिंग' दिसले. म्हणजे आत माणूस जागा होता, राखणदार सोडत नव्हता.

कारण मग लक्षात आले. पावसाळ्यात आम्ही राउटर बदलला होता. विंडोजला ते नवे नेटवर्क वाटले आणि त्याने त्याला 'पब्लिक' ठरवले, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायसारखे परके. सेटिंग्जमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' केले. फायरवॉलच्या यादीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'समोर फक्त प्रायव्हेटची खूण ठेवली. पुन्हा दार ठोठावले, तर उत्तर 'ट्रू'!

एवढ्यावरही फोल्डर उघडले नाही तर? पोर्ट 'ट्रू' असूनही 'अॅक्सेस डिनाइड' येत असेल तर फायरवॉलला दोष देऊ नका. युजरनेम, पासवर्ड आणि फोल्डरची परवानगी तपासा. अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असेल तर तीही पाहा. आणि जुना टीव्ही किंवा जुने यंत्र जोडता यावे म्हणून 'एसएमबी १' चालू करू नका. वॉनाक्रायने वापरलेली फट याच जुन्या पद्धतीत होती.

फोल्डर उघडले तसा पुण्याच्या आतेभावाचा फोन आला, "राउटरमध्ये ते पोर्ट उघड, मीही इथून बघतो." त्याला मात्र नाही म्हटले. ४४५चे दार घरातल्या घरात उघडावे. इंटरनेटवर उघडले तर रस्त्यावरचा कोणीही येऊन कडी वाजवणार. त्याला हवे ते फोटो क्लाउडवर ठेवून लिंक पाठवली. नेहमीच लागणार असेल तर व्हीपीएन लावून देईन म्हणाले.

रात्री भाच्याने सगळ्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि ती आजोबांच्या मूळ कागदांशेजारी कपाटात ठेवली. फायरवॉल चालूच होती.