मोटरीच्या पेटीतील मुकादम : मुक्त व कालबद्ध कार्यप्रणालीची तोंडओळख

हिंगोली जिल्ह्यात, विशेषेकरून वसमत तालुक्यात, हळदीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते, हे वाचकांस सांगावयास नको. 2024 साली 'वसमत हळदी'स भौगोलिक मानांकनही मिळाले. हे पीक मे-जूनमध्ये लागते व सुमारे नऊ महिने शेतात राहते. पावसाळा सरल्यावर त्याची सारी भिस्त सिंचनावर, म्हणजे पुष्कळ ठिकाणी विहिरीवरील अगर बोअरवरील मोटरीवर असते. कंद भरण्याच्या दिवसांत मोटर जळाली, तर ती वर काढून, भरून आणून पुन्हा बसवीपर्यंत पाण्याच्या पाळ्या चुकतात आणि भरणावळीच्या खर्चावर उत्पन्नाचीही तूट सोसावी लागते. सबब मोटरीची राखण करणाऱ्या स्वयंचलित पेटीच्या अंतरंगाची माहिती शेतकरी बांधवांनी करून घेणे हिताचे आहे.

मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या अशा पेट्या आता गावोगाव दिसतात. त्यांच्या आत मायक्रोकंट्रोलर नावाचा नखाएवढा संगणक असतो. तिन्ही फेजांचा प्रवाह मोजणे, विहिरीतील पाण्याची पातळी पाहणे, मोबाइलवरील हुकूम ऐकणे, उत्तर धाडणे व घडल्या गोष्टीची नोंद ठेवणे, इतकी कामे त्यास करावी लागतात. कामे अनेक, करणारा एक, अशी ही स्थिती आहे.

या कामांची निकड सारखी नसते. एक फेज गेला म्हणजे भाराखाली चालणाऱ्या मोटरीच्या उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि वेटोळी तापून जळतात. येथे ठरलेल्या थोड्या सेकंदांच्या आत मोटर तोडलीच पाहिजे. उलटपक्षी, मोबाइलचा संदेश अर्ध्या मिनिटाने पोचला तरी कोणाचे काही बिघडत नाही. साध्या पद्धतीने लिहिलेल्या कार्यक्रमात कामे एकामागून एक चालतात. मोबाइलला रेंज नसल्यामुळे पेटी उत्तराची वाट पाहत थांबली आणि तेवढ्यात फेज गेला, तर मोजणीची पाळी येण्यापूर्वीच मोटर जळून जाईल.

हा घोटाळा टाळण्यासाठी कालबद्ध कार्यप्रणाली योजतात. कालबद्ध म्हणजे केवळ जलद, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. नेमलेले काम नेमलेल्या मुदतीच्या आत होईलच, अशी खातरी देणारी ती कालबद्ध. ही प्रणाली मुकादमासारखी वागते. प्रत्येक कामास ती अग्रक्रमाचा अंक देते आणि वरच्या अंकाचे काम उभे राहताच खालचे काम जागच्या जागी थांबवून वरचे हाती घेवविते. ते उरकले म्हणजे थांबलेले काम पुढे चालू होते. फेज तपासण्याचे काम सर्वांत वर, पाण्याची पातळी मध्ये, मोबाइल व नोंदवही खाली, अशी रचना केली की रेंजच्या अभावी मोटरीस धोका पोचत नाही.

परंतु मुकादम नेमला म्हणजे सर्व झाले, असे समजू नये. 1997 साली अमेरिकेचे 'पाथफाइंडर' हे यान मंगळावर उतरल्यावर त्याचा संगणक वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामान नोंदविणाऱ्या कनिष्ठ कामाने एका सामाईक साधनाची किल्ली धरून ठेवली होती. वरिष्ठ काम त्या किल्लीसाठी खोळंबले होते. आणि मधल्या दर्जाची कामे त्या कनिष्ठास पुढे सरकू देत नव्हती. ज्याच्याकडे किल्ली आहे त्यास तेवढ्यापुरता वरचा दर्जा द्यावा, ही सोय त्या प्रणालीत होती, परंतु ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती चालू करताच दोष गेला. आपल्या पेटीतही नोंदवही हे सामाईक साधनच असल्याने, नवशिक्याने हा धडा आरंभीच लक्षात ठेवावा.

अशा प्रणाली विकत घ्याव्या लागत नाहीत. 'फ्रीआरटॉस' ही रिचर्ड बॅरी यांनी 2003 च्या सुमारास रचिली. 2017 पासून तिचा सांभाळ अ‍ॅमेझॉन कंपनीकडे आहे. तिचा गाभा मुख्यत्वे तीन फाइलींत मावतो व तो कोणासही वाचता येतो. 'झेफर' ही 2016 पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाढत आहे. तिचा पसारा मोठा असून ती नानाविध बोर्डांवर चालते. दोहोंचे परवाने उदार असून फेरफार करण्यास व विकण्यासही मुभा देतात. 'रायट' या तिसऱ्या प्रणालीचा परवाना मात्र अशी अट घालतो की, तिच्या मूळ भागात केलेली सुधारणा वस्तूबरोबर इतरांस दिली, तर त्या सुधारणेचा मजकूरही खुला करावा.

आरंभ करणाऱ्याने प्रथम सी भाषा शिकावी. फ्रीआरटॉस ही घरच्या संगणकावरच चालवून पाहता येते, म्हणून पहिल्या पायरीस खर्च नाही. नंतर काही शे रुपयांत मिळणारा ईएसपी-32 जातीचा बोर्ड आणावा; त्याची उत्पादकाने दिलेली साधने फ्रीआरटॉसवरच उभारलेली आहेत. दोन दिवे निरनिराळ्या गतीने लुकलुकविणारी दोन कामे लिहावीत. मग एक काम मुद्दाम अडकवून ठेवावे आणि दुसरे वेळेवर चालते की नाही, हे पाहावे. ही परीक्षा उतरल्यावर पाण्याच्या टाकीतील तरंगता खटका जोडावा आणि रिले व लहान दिवा यांवर चाचणी घ्यावी. बोर्ड 3.3 व्होल्टवर चालतो. थ्री फेजच्या तारांशी त्याचा थेट संबंध येता कामा नये. ती जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावी व स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले कदापि काढू नये. कार्यक्रम चुकला तरी मोटर वाचविणारा तो शेवटचा पहारेकरी होय.

मुक्त प्रणालीचा खरा लाभ एकट्यादुकट्यापेक्षा समूहास अधिक आहे. वीज येताक्षणी एका डीपीवरील सर्व स्वयंचलित स्टार्टर एकदम सुरू होतात, रोहित्रावर भार पडतो आणि ते जळाल्यास साऱ्या शिवाराचे पाणी बंद होते. प्रत्येक पेटीत वेगवेगळ्या मिनिटांचा विलंब घातला, तर मोटरी पाळीपाळीने सुरू होतील. बंद पेटीत अशी सोय नसेल, तर शेतकऱ्यास कारखानदाराच्या मर्जीवर राहावे लागते. खुल्या पेटीत गावातील आयटीआय शिकलेला तरुण तो आकडा स्वतः बदलू शकतो. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून विलंबाचे कोष्टक ठरवावे आणि त्याची व पेटीतील कार्यक्रमाची एक प्रत आपल्या मंडळाच्या दप्तरी ठेवावी. म्हणजे पेटी करणारा गाव सोडून गेला, तरी दुसऱ्यास ती दुरुस्त करता येईल. हळद काढून झाल्यावर उन्हाळ्यात सवड मिळते. पुढील लागवडीपूर्वी ही तयारी त्या काळात करून ठेवणे सोयीचे होईल.