काळी घ्यायची, पण कोणती काळी?

मंचर सोडून भीमाशंकरच्या दिशेला लागलं की घोडेगावनंतर शिनोली येते. या रस्त्यावर पांढऱ्या गाड्यांचं राज्य आहे आणि देशभरातही तसंच आहे. पांढरी कमी तापते, तिच्यावर धूळ कमी दिसते, विकतानाही गिऱ्हाईक लवकर मिळतं. हे सगळं माहीत असून काही जणांना काळीच हवी असते. पुढाऱ्यांच्या स्कॉर्पिओंनी या रंगाला जो रुबाब मिळवून दिलाय, त्याच्यापुढे असले हिशेब टिकत नाहीत. तेव्हा ‘काळी घेऊ नका’ हा सल्ला इथे देत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काळी घ्यायची तर सॉलिड की मेटॅलिक?

नावांवरून याचा पत्ता लागत नाही. महिंद्राचा नेपोली ब्लॅक, टाटाचा ओबेरॉन ब्लॅक, ह्युंदाईचा अबिस ब्लॅक. कानाला सगळेच भारदस्त. त्यातला कोणता साधा, कोणता चमचमता, हे विचारावंच लागतं. मारुतीने ‘पर्ल मिडनाइट ब्लॅक’ म्हणून निदान पर्ल हा शब्द तरी नावात ठेवला. काही कंपन्या मेटॅलिकसाठी काही हजार रुपये जादा लावतात, म्हणूनही आधी विचारलेलं बरं.

कारखान्यात पत्र्यावर एकावर एक थर चढतात. आधी गंज रोखणारा थर. त्यासाठी अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने लेप बसवतात. मग प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांइतकी. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. गाडी धुणं, पुसणं, पॉलिश करणं हे सगळं या एवढ्याशा थराच्या जिवावर चालतं.

सॉलिड काळ्यात रंगाचं काम कार्बन ब्लॅक करतो. ही कारखान्यात बनवलेली अतिबारीक काजळीच. पडलेला जवळजवळ सगळा उजेड ती गिळते, म्हणून हा काळा खोल दिसतो. मेटॅलिकमध्ये त्याच काळ्यात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे मिसळलेले असतात. प्रत्येक पापुद्रा इवल्याशा आरशासारखा वागतो. समोरून पाहिलं तर चमक, तिरकं पाहिलं तर गडदपणा. पर्लमध्ये धातूऐवजी अभ्रकाचे लेप दिलेले कण असतात; त्यांची चमक मऊ असते आणि उन्हात त्यात कधी निळसर, कधी तपकिरी झाक येते. सावलीत मात्र तिन्ही सारखेच. शोरूमच्या छताखाली निवड करणाऱ्याची फसगत होते ती इथेच. गाडी बाहेर उन्हात काढायला लावा, जमलं तर दुपारी एकदा आणि दिवस कलताना एकदा पाहा.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर तापण्याचंही बोलू. संक्रांतीला थंडीत काळं नेसायचं, कारण काळं ऊब धरतं, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. गाडीलाही तोच न्याय लागू आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात उभ्या करून मोजमाप केलं आणि ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. काळीच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी जास्त तापली आणि टपातला फरक तर २५ अंशांपर्यंत गेला. पण हा फरक काळ्या-चंदेरीतला. काळ्या-काळ्यात, सॉलिड आणि मेटॅलिकमध्ये, घामाला जाणवेल एवढा फरक नाही. कुणी तसं सांगून मेटॅलिक गळ्यात मारत असेल तर हसून सोडून द्यावं.

खरा फरक पडतो तो ओरखड्यांत. मंचरच्या बाजूला ऊस, घोडेगावच्या पुढे पश्चिमेला भात, असा हा मुलूख. उसाच्या पानाची कड हाताला कापते ती त्यातल्या दातऱ्यांमुळे आणि सिलिकेमुळे. दोन्हीकडे ऊस असलेल्या शेतरस्त्याने गाडी घातली की दरवाजांवर बारीक रेघा उठतात. बाभळीची फांदी त्याहून वाईट. कच्च्या रस्त्याच्या धुळीतले कठीण कणही क्लिअर कोटला पुरून उरतात. अशी धूळ बसलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने झटकणं म्हणजे तिला काचपेपर मारणंच. उन्हात पाहिलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या गोल रेघा दिसतात. त्या दोन्ही काळ्यांवर सारख्याच पडतात, कारण वरचा थर सारखाच असतो. सॉलिडवर त्या उघड्या पडतात, मेटॅलिकच्या चमचमाटात हरवतात. एवढाच काय तो फरक, पण रोज डोळ्यांसमोर येणारा.

पाण्याचंही तसंच. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर धुऊन उन्हात वाळू दिलेल्या काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उरतात आणि पुढे हट्टी होतात. पाखरांची शिट तर काळ्याची खास वैरी. तापलेला क्लिअर कोट नरम पडतो, वाळणारी शिट आक्रसते आणि जागेवर कायमचा डाग ठेवते. गाडी चिंचेखाली लावायची सवय असेल तर हे ध्यानात असू द्या.

आता दुसरी बाजू, कारण मेटॅलिकचा विजय एवढा सरळ नाही. गाडी ठोकली गेली की हिशेब उलटतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा काळा साधा होता. पोचा काढला, पुटी भरली, काळा मारला की गाडी पुन्हा धंद्याला. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तोवर त्या रंगाने कुणाची फारशी अडवणूक केल्याचं ऐकिवात नाही. मेटॅलिकला मात्र पेंटरचा हात लागतो. स्प्रे गनचा कोन, हवेचा दाब, रंगाचा पातळपणा यांत थोडा बदल झाला तरी पापुद्रे वेगळ्या दिशेने बसतात. मग कोड तोच, डबा तोच, तरी दार वेगळं दिसतं. म्हणून चांगला पेंटर रंग शेजारच्या पॅनेलवर विरवत नेतो आणि तेवढे पैसे वाढतात. बंपर प्लॅस्टिकचा आणि वेगळा रंगवलेला. त्याची छटा तर नव्या गाडीतही कधीकधी किंचित निराळी असते.

माझं मत विचाराल तर शिनोलीसारख्या गावात, जिथे गाडी शेतातही जाते आणि अंगणातही उभी राहते, तिथे मेटॅलिक किंवा पर्ल घ्यावा. ठोकर कधीतरी बसते, धूळ रोज बसते. ज्याच्याकडे बंद शेड आहे, जो गाडी दुसऱ्याला धुवायला देत नाही आणि ज्याला काळ्याची खोलीच हवी आहे, त्याने खुशाल सॉलिड घ्यावा. चकचकीत ठेवलेल्या सॉलिडची सर मेटॅलिकला येत नाही. फक्त त्या रंगावर क्लिअर कोट आहे ना, एवढं विचारून घ्या. पूर्वी साधे रंग एकाच थरात मारत आणि पॉलिश करताना फडकं काळं होई. हल्ली बहुतेक ठिकाणी तसं नसतं.

धुण्याची रीत दोन्हींना एकच. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ उतरवायची, मग शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबर, दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायला. टपापासून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं. सावलीत धुवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं.

आणि ताबा घेताना पूजेआधी गाडी नीट पाहून घ्या. शोरूमनेच घाईत कोरड्या फडक्याने पुसून रेघा पाडल्या असतील तर त्या हार घालण्यापूर्वी, उन्हात, त्यांना दाखवायच्या. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंत तर ते नखाने खरवडू नका. भरपूर पाणी टाकून उतरवा.